मोटारीचा मागचा आंस आणि त्याचे ब्रेक

दशरथाच्या रथाचा आंस ऐन युद्धांत निखळूं लागला तेव्हां कैकेयीनें तेथें आपला हात घालून रथ सांवरला, ही कथा आपल्याकडे लहान मुलेंहि जाणतात. घोडे कितीहि चपळ असोत आणि सारथि कितीहि कुशल असो, आंस गेला कीं रथ गेला, हा तींतील व्यवहाराचा भाग मात्र सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. आजच्या रथाच्या, म्हणजे मोटारीच्या बाबतींत ह्या बोधाला एक पुरवणी जोडावी लागते. मोटारीचा मागचा आंस चाकें फिरवितो, आणि त्याच आंसाच्या दोन टोकांना चाकें थांबविणारे ब्रेकहि बसविलेले असतात. म्हणून आंस बदलणें म्हणजे ब्रेक बदलणेंच होय. जो आंस निवडतो तो, त्याच्या ध्यानांत येवो वा न येवो, ब्रेकहि निवडीत असतो. ही एकच गोष्ट आमच्या वाचकांच्या मनावर ठसावी, येवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

हा विषय कुटुंबाच्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर सोपें आहे. नांदेड-लातुराकडील जुन्या वाड्यांच्या मागल्या अंगणांत किंवा शेतावरच्या गोठ्याशेजारीं एखादी अँबॅसडर, फियाट, जीप अथवा काँटेसा झांकून ठेवलेली अजून आढळते. वडील माणसांच्या तिच्याशीं आठवणी जडलेल्या असतात आणि घरांतील तरुणांना तिच्यांत नवें, जोरकस एंजिन घालून ती पळवावी असें वाटत असतें. त्यांतच रस्ता आतां पूर्वीचा राहिला नाहीं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या मार्गानें लातुरास आणि तेथून औशावरून तुळजापुरास जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला आहे. ज्या गाडीनें तीस वर्षांपूर्वीं खड्डे चुकवीत ताशीं ५० किलोमीटरच्या वेगानें हा प्रवास केला, तीच गाडी आज सहज ९० वर जाऊं शकते. त्या गाडींत आजी बसते, लेंकुरवाळी सून बसते, शाळेंत जाणारीं मुलें बसतात. तेव्हां ती नीट थांबते कीं नाहीं, हा प्रश्न एकट्या हौशी तरुणाचा राहत नाहीं, तो सगळ्या घराचा होतो.

कोणत्या गाड्यांविषयीं हें लिहिलें आहे

अँबॅसडर गाडी १९५७-५८ च्या सुमारास निघाली व २०१४ पर्यंत कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें तयार होत होती. तिच्याच कारखान्यानें इंग्लंडांतील व्हॉक्सहॉल व्हिक्टर गाडीवर आधारलेली काँटेसा १९८४ सालीं काढली. ती २००२ पर्यंत निघत होती, आणि जोरकस मोटारीचे हौशी लोक आजहि तिच्या मागें असतात. पुढें प्रीमियर पद्मिनी ह्या नांवानें चाललेली फियाट मुंबईस कुर्ल्याला बने. जीप तर आपल्या ग्रामीण भागाचा आधारच होती. ह्या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान आहे. एंजिन पुढें असतें, त्याचा जोर एका लांब दांड्यानें मागें नेलेला असतो, आणि मागचा सलग आंस चाकांना ढकलतो. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० पासून आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांची रचना उलट आहे. त्यांचीं पुढचीं चाकें गाडीला ओढतात व मागचीं नुसतीं मागोमाग येतात. त्या गाड्यांना ह्या लेखांतील आंसाचा भाग लागू नाहीं, ब्रेकचा भाग मात्र पुष्कळसा लागू आहे.

आंस चार कामें करतो

बैलगाडीचा आंस एकच काम करतो. तो भार वाहतो. चाकें त्याच्यावर आपापल्या परी मोकळीं फिरतात. मोटारीच्या मागच्या आंसाला मात्र चार कामें करावीं लागतात. पहिलें काम भार वाहण्याचें. दुसरें, लांब दांड्यानें आलेलें फिरणें काटकोनांत वळवून चाकांना देण्याचें. हें काम दोन दंतचक्रें करतात. लहान तें पिनियन व मोठें तें क्राउन. तिसरें काम दोन चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देण्याचें. लातुराच्या गंजगोलाईला वळसा घालणारी गाडी डोळ्यांपुढें आणावी. बाहेरच्या बाजूच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां जास्त अंतर तोडावें लागतें. दोन्हीं चाकें एकत्र जखडलेलीं असतीं तर एक फरफटलें असतें. हा फरक जुळवून घेणाऱ्या भागाला आपले मिस्त्री डिफरेन्शियल म्हणतात. आणि चौथें काम ब्रेकना आधार देण्याचें. बाजारांत आंस पाहावयास गेलेला मनुष्य पहिल्या दोन कामांची चौकशी करतो, तिसऱ्याचें नांव घेतो आणि चौथें विसरतो.

आंस बदलण्याची खरोखरच गरज आहे काय?

आमची पहिली सूचना अशी कीं, शक्य तोंवर मूळचाच आंस दुरुस्त करावा. गाडी ठराविक वेगाला घूं-घूं असा आवाज करते आणि पेट्रोलवरचा पाय उचलतांच तो आवाज बदलतो, तर बहुधा क्राउन-पिनियन झिजलेलें असतें किंवा त्याचें अंतर बिघडलेलें असतें. वळणावरच आवाज वाढत असेल तर चाकाचें बेअरिंग पाहावें. गाडी सुरू होतांना मागें खाडकन् वाजत असेल तर दांड्याच्या जोडाचा क्रॉस पाहावा. ब्रेकच्या ड्रममधून तेल ओघळत असेल तर ऑइल-सील गेलेलें असतें, आणि हें लक्षण सर्वांत वाईट. कारण तें तेल ब्रेकच्या लायनरवर पसरतें व एका बाजूचा ब्रेक जवळजवळ नाहींसा होतो. ह्यांपैकीं कोणत्याहि दोषासाठीं सबंध आंस टाकून देण्याचें कारण नाहीं.

आंस बदलण्याची खरी गरज पडते ती एंजिन बदलल्यावर. हिशेब साधा आहे. समजा, जुनें एंजिन १०० न्यूटन-मीटरचा पीळ देतें, पहिल्या गिअरमध्यें तो साडेतीनपट होतो आणि मागच्या आंसांत साडेचारपट. म्हणजे चाकांपाशीं १५७५ न्यूटन-मीटर पोंचले. आतां त्याच ठिकाणीं २०० न्यूटन-मीटरचें एंजिन बसविलें कीं हा आंकडा ३१५० होतो. जुन्या पिनियनचे दांते व आंतील दांडे ह्या दुप्पट भारासाठीं घडविलेलेच नसतात. ते आजवर वांचत आले त्याचें एक कारण असें कीं, जोर फाजील झाला म्हणजे बारीक टायर जागच्या जागीं घसरतो व दांड्यावरचा ताण निघून जातो. तरुण मंडळी मोठ्या एंजिनाबरोबर रुंद व घट्ट पकड घेणारे टायरहि घालतात आणि ही वाट बंद करतात. मग टायर घसरत नाहीं, दांडा तुटतो.

नवा आंस पाहतांना

मोटारीच्या हौसेचें माहेर जी अमेरिका, तेथें ह्या कामासाठीं फोर्ड कंपनीचा ९ इंची आंस प्रसिद्ध आहे. तो १९५७ सालच्या गाड्यांत आला व १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार होत राहिला. ९ इंच हा त्याच्या क्राउनचा व्यास. त्याचा दंतचक्रांचा सगळा गाभा पुढील बाजूनें एका तुकड्यांत बाहेर काढतां येतो, म्हणून दुरुस्ति सोपी. परंतु परदेशाहून असा आंस मागविणें आपल्याकडील संसारी माणसाला परवडणारें नाहीं. येथें बहुधा मोडीत निघालेल्या जीपचा किंवा मालवाहू पिकअपचा आंस पाहिला जातो. त्यांत गैर कांहीं नाहीं, मात्र पुढील गोष्टी मोजून घ्याव्या.

पहिली, रुंदी. एका ड्रमच्या बाहेरील तोंडापासून दुसऱ्या ड्रमच्या तोंडापर्यंतचें अंतर जुन्या व नव्या आंसांत ताडून पाहावें. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतां उपयोगी नाहीं. आंस लांब पडला तर नळी कापून जोडून देऊं, असें कोणी म्हणाल्यास सावध व्हावें. वेल्डिंगच्या उष्णतेनें नळी किंचित् वांकते. डोळ्यांना तें दिसत नाहीं, पण बेअरिंग व सील वरचेवर जाऊं लागतात. दोन्हीं टोकें एका रेषेंत ठेवणारा सांचा ज्याच्यापाशीं नाहीं त्याच्याकडून हें काम करवूंच नये.

दुसरी, कमान-पाट्यांच्या बैठकींमधील अंतर आणि पिनियनचें तोंड. कित्येक जीपगाड्यांचा मागचा गोळा मध्यावर नसून एका बाजूला सरकलेला असतो, कारण त्यांचा दांडा तेथूनच येतो. असा आंस मोटारीखालीं घातला तर दांडा तिरका पडेल आणि जोड थरथरूं लागेल.

तिसरी, चाकाचे बोल्ट. जीपच्या चाकाला साडेपांच इंचांच्या वर्तुळावर पांच बोल्ट असतात. पुढच्या चाकांचीं भोंकें वेगळीं राहिलीं तर एकच स्टेपनी चारहि चाकांना चालणार नाहीं. रात्रीं दहा वाजतां चाकूर व अहमदपूर ह्यांच्यामध्यें टायर फुटल्यावर हें ध्यानांत येण्यापेक्षां आधींच आलेलें बरें.

चौथी, दांडा भार कसा वाहतो. बहुतेक मोटारींत चाक फिरविणारा दांडाच गाडीचें वजनहि पेलतो. तो तुटला कीं चाक ड्रमसकट बाहेर निसटूं शकतें, आणि त्याबरोबर त्या चाकाचा ब्रेकहि जातो. मालमोटारींत हब स्वतंत्रपणें नळीवर बसलेला असतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहतें. महायुद्धांतील विलिस जीपला ही दुसरी, अधिक सुरक्षित रचना होती. पुढील काळांतील नागरी जीपमध्यें स्वस्ताईसाठीं पहिली आली. दोन्हीं मिळत असतील तर दुसरी घ्यावी.

पांचवी गोष्ट दांत्यांच्या प्रमाणाची, आणि ती थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. पिनियन किती वेळां फिरलें म्हणजे चाक एकदां फिरतें, तें हें प्रमाण. महायुद्धकालीन जीपमध्यें तें ४.८८ होतें, नागरी सी. जे. ३ बी नमुन्यांत ५.३८, म्हणजे ८ दांत्यांच्या पिनियनला ४३ दांत्यांचें क्राउन. टायरचा परीघ २.२७ मीटर धरला तर ताशीं ८० किलोमीटर वेगाला ५.३८ च्या गाडीचा दांडा मिनिटास सुमारें ३१६० फेरे घेतो. तेथें ४.२७ चा आंस बसविला तर तेच फेरे सुमारें २५०० होतात. एंजिन शांत चालतें, इंधन वांचतें, पण ओढण्याचा जोर एक-पंचमांशानें घटतो. म्हणून नांगरटीच्या काळ्या रानांतून जाणारी गाडी व महामार्गावर पळणारी गाडी ह्यांचें प्रमाण एक असूं शकत नाहीं. घरानें प्रथम आपली गरज ठरवावी.

हें प्रमाण विक्रेत्याच्या तोंडून ऐकूं नये, स्वतः मोजावें. आंस ठोकळ्यांवर ठेवून एक चाक पक्कें धरावें, दुसरें बरोबर दोन फेरे फिरवावें व तेवढ्यांत पिनियनचे फेरे किती झाले तें खडूच्या खुणेवरून पाहावें. जितके फेरे तितकें प्रमाण. दहावीच्या मुलालाहि हें जमेल. गाडी चारहि चाकांना जोर देणारी असेल तर पुढच्या आंसाचें प्रमाण तेंच असलें पाहिजे. नाहींतर डांबरी रस्त्यावर दोन आंस एकमेकांविरुद्ध झगडतील व मधली पेटी फुटेल.

ह्यांत एक छुपा धोका आहे. जुन्या गाड्यांतून वेग दाखविणारा कांटा दांड्याच्या फेऱ्यांवरून चालतो. ५.३८ काढून ४.२७ घातला आणि कांट्याचें दंतचक्र बदललें नाहीं, तर गाडी प्रत्यक्षांत १०० ने धांवत असतां कांटा ७९ दाखवील. चालविणारा निर्धास्त असतो आणि गाडी मात्र त्याच्या समजुतीपेक्षां पुष्कळ पुढें गेलेली असते.

थांबण्याचा हिशेब

आतां ब्रेककडे वळूं. १२०० किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटरवरून थांबवावयाची तर सुमारें १ लाख ६७ हजार जूल शक्ति ब्रेकना उष्णतेच्या रूपानें गिळावी लागते. वेग ९० झाला कीं हाच आंकडा ३ लाख ७५ हजार होतो. वेग दीडपट, काम सव्वादोनपट. एवढ्या उष्णतेनें सव्वा लिटरभर थंड पाणी उकळीच्या जवळ येईल. आपली चूल ज्याला कांहीं मिनिटें लावते, तें काम ब्रेकना चार-पांच सेकंदांत करावें लागतें. जुन्या गाडीचें एंजिन दुबळें होतें म्हणूनच तिचे लहान ब्रेक पुरत असत.

उतारावर हा हिशेब आणखी कठीण होतो. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचें कुलदैवत तुळजापूरची भवानी, नाहींतर माहूरची रेणुका. माणसांनीं व सामानानें भरलेली १५०० किलोची गाडी १०० मीटर खालीं उतरते तेव्हां, ती नुसत्या ब्रेकवर उतरविल्यास, त्यांना ताशीं ९० वरून एकदां थांबण्याच्या तिपटीहून अधिक उष्णता सोसावी लागते. माहूरगडाचा उतार किंवा तुळजापूरचा घाट ज्यानें पाहिला असेल त्याला हें निराळें सांगावयास नको. बंद ड्रमांतून उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं. ड्रम तापून फुगतो, लायनर पकड सोडतें आणि पाय दाबूनहि गाडी थांबत नाहीं. तबकडीचा, म्हणजे डिस्कचा ब्रेक उघडा असल्यानें लौकर निवतो. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान् येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वार गाड्यांनीं डिस्क ब्रेक लावून विजय मिळविला, तेव्हांपासून त्यांची महति सर्वत्र पटली.

ह्यावरून मागच्या आंसालाहि डिस्कच हवी, असें अनुमान कोणी काढील. पण तें बरोबर नाहीं. ब्रेक दाबतांच गाडी पुढें झुकते हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. आंसांमधील अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच आणि ब्रेक जोराचा, असें धरलें तर १२०० किलोच्या गाडीचे सुमारें १८५ किलो मागून पुढें सरकतात. उभी असतां दोन्हींकडे ६०० किलो असलेली गाडी थांबतांना पुढें ७८५ व मागें अवघे ४१५ किलो अशी होते. म्हणजे थांबविण्याचें बरेंचसें काम पुढच्या चाकांचें. पुढें डिस्क व मागें ड्रम ही जोडी आजच्या असंख्य गाड्यांत दिसते ती ह्याच कारणानें.

मजबूत आंस, चुकीचा ब्रेक

ह्या लेखाचा गाभा येथें आहे. पिकअपचा आंस दणकट असतो म्हणून आपण तो आणतों. त्याच्याबरोबर त्याचे मोठे ब्रेकहि येतात. पण ते ब्रेक पाठीवर टनभर माल असलेल्या गाडीसाठीं नेमलेले असतात. मूळच्या गाडींत भाराप्रमाणें मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा पडदाहि पुष्कळदां असतो. तो तेथेंच राहतो. मोकळ्या, हलक्या मोटारीखालीं हे ब्रेक आले कीं जोरानें पाय दाबतांच मागचीं चाकें आधीं जखडतात.

पुढचीं चाकें आधीं जखडलीं तर गाडी वळत नाहीं, पण सरळ तरी जाते. मागचीं आधीं जखडलीं तर गाडीचें शेंपूट पुढें येऊं पाहतें आणि गाडी भोंवरा घेते. पहिल्या पावसांत, रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल सांडलेला असतां तर हें निमिषांत होतें. म्हणून नियम असा कीं, *पुढचा ब्रेक नेहमीं मागच्याच्या आधीं पकडला पाहिजे.* ज्या आंसाचा ब्रेक हा नियम मोडतो तो आंस कितीहि मजबूत व स्वस्त असला तरी आपल्या कामाचा नव्हे. निदान मागच्या नळींत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो नीट जुळविल्याखेरीज, किंवा मागचे व्हील सिलिंडर लहान मापाचे घातल्याखेरीज, तो रस्त्यावर आणूं नये.

मागें डिस्क लावण्याचाच आग्रह असेल तर तीन गोष्टी पाहाव्या. ड्रममध्यें फिरणारें चाकच ब्रेकच्या नालाला आंत ओढतें व पायाला मदत करतें. डिस्कमध्यें ती मदत नसते, म्हणून बूस्टर लागतो. डिस्कला तेल अधिक लागतें, म्हणून मास्टर सिलिंडर जुळता हवा. जुन्या ड्रमच्या नळींत थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या नळींत राहिला तर ब्रेक सतत घासत राहतो. आणि तिसरी, हातब्रेक. ड्रमच्या आंसावर तो आयता मिळतो. डिस्कवर त्याची वेगळी सोय असावी लागते. चढावर उभ्या केलेल्या गाडीच्या चाकामागें दगड लावून वृद्ध माणसांना उतरविणें ही सोय नव्हे.

आंसाच्याहि आधीं करावयाचें एक काम आहे. फार जुन्या गाड्यांत चारहि चाकांचे ब्रेक एकाच नळीवर असत. एक नळी फुटली कीं सगळेच ब्रेक गेले. तेथें दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवावा. ब्रेकचें तेलहि दर दोन वर्षांनीं बदलावें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ४ जातीचें तेल ताजें असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. नळींत वाफ झाली म्हणजे घाटांत पाय एकाएकीं तळाला टेकतो.

परीक्षा आणि परवानगी

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या, स्वतः बनविलेल्या गाड्यांच्या बाहा स्पर्धा पीथमपूर येथें २००७ सालीं सुरू झाल्या. तेथें चारहि चाकें जखडून दाखविण्याची ब्रेकची परीक्षा उतरल्यावांचून गाडीला शर्यतींत प्रवेश मिळत नाहीं. हा शिरस्ता घरींहि पाळावा. महामार्गावर नव्हे, तर खासगी, सपाट व मोकळ्या जागेंत, गाडींत दुसरें कोणी नसतां, प्रथम ताशीं २० व मग ३० किलोमीटरवरून ब्रेक दाबून जमिनीवरील खुणा पाहाव्या. मागचें चाक आधीं घसरल्याची खूण दिसली कीं परीक्षा नापास. ही परीक्षा मोकळ्या गाडीनिशींच घ्यावी, कारण माणसें बसल्यावर मागचा भार वाढून दोष झांकला जातो. मग ब्रेक गरम असतांहि ती पुन्हां करावी.

कायद्याकडेहि दुर्लक्ष करून चालणार नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तिचा स्पष्ट उच्चार केला आहे. म्हणून एंजिनाला वा आंसाला हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत, एम. एच. २६ ची गाडी असेल तर नांदेडास व एम. एच. २४ ची असेल तर लातुरास, लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीसहि कळवावें. न कळविलेल्या फेरफाराची गाडी अपघातांत सांपडली तर भरपाईचा दावा अडूं शकतो. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी विचार करावा. २०२१ च्या नियमांप्रमाणें अशा गाडीची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होऊं शकते, पण ती मूळ रूपांत राखलेली असली पाहिजे. वाडवडिलांची गाडी वेगवान करण्यापेक्षां आहे तशी जपणें हाच कित्येकदां अधिक मोठा मान ठरेल.

पैसा कोणत्या क्रमानें खर्चावा

एकत्र कुटुंबांत पैसा सर्वांचा असतो, म्हणून क्रमहि सर्वांनीं मिळून ठरवावा. आमच्या मतें तो असा असावा: प्रथम दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, नव्या नळ्या व तेल, मग चांगले टायर, मग पुढचे ब्रेक, त्यानंतर मागचा आंस त्याच्या जुळत्या ब्रेकसह, आणि सर्वांच्या शेवटीं एंजिनाचा जोर. पुष्कळ घरांत हा क्रम नेमका उलटा चालतो. एंजिनावरच पैसा संपतो आणि ब्रेकचें काम पुढल्या दिवाळीवर जातें.

मिस्त्रींना आगाऊ रक्कम देण्यापूर्वीं घरांतील कोणाहि जाणत्या माणसानें पांच प्रश्न नम्रपणें विचारावे. हा आंस कोणत्या गाडीचा व त्याची पावती आहे काय? त्याचें प्रमाण किती व तें मोजलें कोणी? कापाकापी करावी लागेल काय? मोकळ्या गाडींत पुढचीं चाकें आधीं धरतील हें कसें जुळविणार? हातब्रेक कोणता राहील? चांगला कारागीर अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं, उलट त्याला गिऱ्हाईक जाणतें असल्याचें समाधान वाटतें. नांदेड व लातूर येथें असे हातचे कसबी लोक आहेत. त्यांच्या कसबाला घरच्या विवेकाची जोड मिळाली पाहिजे.

ह्या प्रश्नांचा अधिकार केवळ पुरुषांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. घरांतील सुना-लेकी आज स्वतः मोटार चालवितात, आणि ज्यांना ती चालवावयाची त्यांनाच ती कशी थांबते हें आधीं कळलें पाहिजे. तरुणांच्या हौसेला आमचा विरोध नाहीं. हातानें यंत्र उघडून पाहणारा मुलगा आम्हांस पुस्तकी पंडिताइतकाच प्रिय आहे. त्यानें गाडी किती पळते हें सांगण्याआधीं ती किती अंतरांत व कशी सरळ थांबते हें मोजून दाखवावें, येवढीच अट वडीलधाऱ्यांनीं घालावी, आणि ती पुरी होईपर्यंत घरच्या माणसांना त्या गाडींत बसवूं नये.